कुरुंदा शिवारातील जैव अर्थव्यवस्था: हळदीच्या पाल्यापासून पऱ्हाटीपर्यंत

पिके, जनावरे, झाडे आणि सूक्ष्मजीव यांच्यापासून मिळणारे अन्न, चारा, खत, इंधन, धागा, तेल आणि औषधी द्रव्ये यांच्या उत्पादन-विक्रीच्या व्यवहाराला जैव अर्थव्यवस्था म्हणतात. भारतात या व्यवहाराची उलाढाल २०१४ साली सुमारे १० अब्ज डॉलर होती. २०२४ पर्यंत ती १६५ अब्ज डॉलरच्या पुढे गेली आणि २०३० साठी ३०० अब्ज डॉलरचे उद्दिष्ट ठरले. केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ ऑगस्ट २०२४ रोजी जैव-उत्पादनाला चालना देणारे 'बायो ई-३' धोरणही मंजूर केले. या मोठ्या आकड्यात लस, औषधे, विकरे आणि इथेनॉल यांच्या कारखान्यांचा वाटाच मोठा आहे. गावाच्या पदरात त्यातले किती पडते, हे गावातून बाहेर जाणाऱ्या मालावर आणि गावात पेटवून दिल्या जाणाऱ्या मालावर ठरते.

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा हे या दृष्टीने तपासण्याजोगे गाव आहे. पूर्णा प्रकल्पाच्या येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांमुळे तालुक्यात कालव्याचे पाणी आले. त्याला विहिरी-बोअरची जोड मिळाली आणि कोरडवाहू ज्वारी-कापसाच्या या पट्ट्यात हळद, केळी व ऊस स्थिरावले. शेजारच्या गिरगावाप्रमाणे कुरुंद्यातही केळीच्या बागा आहेत. टोकाई सहकारी साखर कारखाना कुरुंद्याचाच. पावसाच्या भरवशावरच्या रानात सोयाबीन, तूर आणि कापूस आहेच. म्हणजे तंतुमय, काष्ठमय, रसाळ आणि सुगंधी असा चारही प्रकारचा जैविक माल एकाच शिवारात निघतो. मात्र तो एकाच वेळी निघत नाही. त्यामुळे यंत्र कोणते घ्यावे यापेक्षा कोणता माल कोणत्या महिन्यात, किती आणि किती ओला मिळतो, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

आधी हक्क कोणाचा

शेतात उरलेल्या मालाला 'कचरा' म्हटले की तो फुकट मिळतो असे वाटू लागते. तसे नसते. सोयाबीनचे भुसकट नेले तर गोठ्यात चारा कमी पडतो, उसाचे पाचट नेले तर जमिनीचा कर्ब जातो आणि शेणाच्या गोवऱ्या थापल्या तर खत जाते. मराठवाड्याच्या काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब मुळातच कमी आहे. अशा जमिनीतून दरसाल काडीकचरा उपसून विकला, तर आलेला पैसा पुढे खताच्या दुकानात द्यावा लागतो.

म्हणून प्रत्येक अवशेषाचा विचार एका ठरावीक क्रमाने करावा. पहिला हक्क जनावरांच्या चाऱ्याचा, दुसरा जमिनीचा, तिसरा गावातल्याच चुलीचा, भट्टीचा किंवा बॉयलरचा. हे तिन्ही भागून जे उरेल ते विक्रीला काढावे. या चाळणीतून पाचट, केळीची पाने आणि सोयाबीनचे भुसकट गावातच राहते. विक्रीला काढण्याजोगी उरतात ती पऱ्हाटी (कापसाची वाळकी झाडे), केळीच्या खांबाचा धागा, हळदीच्या पाल्याचे तेल आणि अर्थातच प्रक्रिया केलेली हळद. कुरुंद्यातला कोणताही जैव उद्योग या चारांपैकी एकावर तरी टेकलेला असावा.

हळद: शिजवणीपासून पुडीपर्यंत

हळदीत नवे पीक शोधायचे नाही, नवा बाजारही शोधायचा नाही. हिंगोलीचे संत नामदेव हळद मार्केट यार्ड आणि वसमतची बाजार समिती या दोन ठिकाणी माल जातोच. 'वसमत हळद' या नावाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वसमतला राज्य शासनाचे बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. कमी पडते ते शेत आणि आडत यांच्या मधल्या दोन महिन्यांत.

मे-जूनमध्ये गादीवाफ्यावर लावलेली हळद आठ-नऊ महिन्यांनी तयार होते. काढणीच्या साधारण पंधरवडाभर आधी पाणी तोडून पाला कापतात. नंतर कंद काढून जेठे गड्डे, बगल गड्डे, हळकुंडे आणि कुजकट सोरा गड्डे वेगळे करतात. ही निवड घाईत केली की पुढचे सगळे बिघडते. जाड गड्डा आणि बारीक हळकुंड एकत्र शिजवले तर एक कच्चे राहते किंवा दुसऱ्याचा गाळ होतो.

जुन्या पद्धतीत लोखंडी काहिलीत हळद भरून वर पाणी सोडतात, पाला आणि बारदाना झाकतात आणि खाली लाकूड-पाचट पेटवतात. एका काहिलीला अडीच ते तीन तास जातात. पाण्यात कंदाचा रंग उतरतो आणि तळाची हळद जास्त शिजते. वाफेच्या बॉयलरला तीन-चार ड्रम जोडले की एक खेप साधारण अर्ध्या तासात निघते. पाणी व सरपण दोन्ही कमी लागतात आणि रंग एकसारखा येतो. शिजल्याची खूण दोन्हीकडे एकच: गव्हाच्या काडीसारखी काडी हळकुंडातून आरपार जावी, वास सुटावा आणि हळकुंड मोडले असता आतील रंग एकसारखा दिसावा. त्यानंतर बारा-पंधरा दिवस वाळवण. ओलावा ८ ते १० टक्क्यांवर आल्याशिवाय पोते शिवू नये, नाहीतर बुरशी आणि किडीला आमंत्रण मिळते. शेणाने सारवलेल्या खळ्यावर वाळवलेला माल स्थानिक आडतीत खपतो, पण निर्यातदाराच्या तपासणीत त्यातले जिवाणू दिसतात. ताडपत्री, सिमेंटचा ओटा किंवा सौर वाळवणयंत्र यांवरचा खर्च म्हणून वाया जात नाही.

१०० किलो ओल्या हळदीपासून साधारण २० किलो सुकी हळद मिळते. पॉलिशच्या ड्रममधून निघताना त्यातलेही काही टक्के वजन भुकटी होऊन झडते. ही भुकटी मसाल्यात मिसळू नये. तिच्यात माती व साल असते. ती कंपोस्टमध्ये जावी. ड्रमजवळ काम करणाऱ्याने तोंडाला मास्क बांधणे आवश्यक आहे, कारण ती धूळ छातीत साचते.

गावपातळीवर शक्य असलेली पुढची पायरी म्हणजे प्रतवारी, दळण आणि सीलबंद पुडी. त्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी वा परवाना लागतो. पुडीवर निव्वळ वजन, तारीख, बॅच आणि पत्ता छापावा लागतो. कुरकुमीनचे प्रमाण छापायचे असेल तर प्रत्येक बॅच प्रयोगशाळेत तपासून घ्यावी. अंदाजाने छापलेला आकडा एका तक्रारीत ब्रँड बुडवतो. रंग खुलवण्यासाठी शिसेयुक्त पिवळा रंग लावणे हा गुन्हा आहे आणि आरोग्याला घातकही.

मानांकनाबाबत एक गैरसमज सर्रास आढळतो. गाव वसमत तालुक्यात आहे म्हणून आपोआप मानांकनाची खूण लावता येत नाही. त्यासाठी शेतकऱ्याला चेन्नईच्या भौगोलिक उपदर्शन नोंदणी कार्यालयात 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नाव नोंदवावे लागते. ही नोंदणी गटाने एकत्र केली तर कागदपत्रांचा ताण कमी होतो.

कुरकुमीन काढण्याचा कारखाना हा मात्र गावाने नादी लागण्यासारखा धंदा नाही. त्याला ज्वलनशील द्रावके, स्फोटरोधक विद्युत जोडणी, द्रावक परत मिळवण्याची यंत्रणा आणि वर्षभर पुरेल इतका साठा लागतो. गावाने त्या कारखान्याला तपासलेला, प्रतवारीचा माल विकावा. सोरा व बारीक गड्डे आडतीत मातीमोल जातात. अर्क काढणाऱ्यांना दिसण्यापेक्षा कुरकुमीनशी मतलब असल्याने अशा मालाला तेथे वेगळा भाव मागता येतो.

राहिला पाला. तो बहुतेक ठिकाणी बांधावर पडून वाळतो. ऊर्ध्वपातनाने त्यातून सुगंधी तेल निघते. ताज्या पाल्यात तेलाचे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली असल्याने पाला लांब वाहून नेणे परवडत नाही. स्टीलचे ऊर्ध्वपातन भांडे, कंडेन्सर आणि तेल-पाणी वेगळे करणारे भांडे एवढी सामग्री हळदीच्या बॉयलरलाच जोडता येते, आणि जिथे बॉयलर आहे तिथेच हे काम शोभते. पाला पंधरा-वीस दिवसच मिळतो. उरलेले वर्ष यंत्र बसून राहू नये म्हणून गवती चहा किंवा रोशा गवताची थोडी लागवड गटाने बांधावर, हलक्या रानात ठेवावी. तेल विकत घेणारा आधी ठरवून, त्याला नमुना पाठवून, मगच भांडे घडवायला टाकावे.

करपा पडलेला पाला हळदीच्याच रानात आच्छादन म्हणून पसरू नये. बुरशी त्यावर तग धरते आणि पुढच्या वर्षी तेथूनच चढते. असा पाला शेणात थर देऊन, ढीग चांगला तापवून कुजवावा.

सूक्ष्मजीवांचा जवळचा धडा

जैव अर्थव्यवस्था म्हटली की डोळ्यांसमोर मोठ्या टाक्या येतात. मराठवाड्यातील हळद उत्पादकाला तिचे एक साधे रूप आधीच परिचयाचे आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने तयार केलेले 'बायोमिक्स' हे उपयुक्त बुरशी व जिवाणूंचे मिश्रण हळदीतील कंदकुजीसाठी आळवणी आणि ठिबकातून वापरले जाते. मागणीच्या दिवसांत त्यासाठी विद्यापीठात शेतकऱ्यांची रीघ लागते. या विद्यापीठाने दिलेल्या वाणांच्या मोठ्या यादीइतकेच 'बायोमिक्स'चे पाकीट बोलके आहे: संशोधन, उत्पादन आणि गिऱ्हाईक तिन्ही एकाच विभागात.

ट्रायकोडर्मासारखी उत्पादने गावातही वाढवता येतात, पण शुद्धता राखणे सोपे नाही. घरच्या पिंपात वाढवलेल्या द्रावणात नेमके काय वाढले हे सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय कळत नाही. गटाने मूळ कल्चर विद्यापीठातून किंवा कळमनुरी तालुक्यातील तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रातून घ्यावे, शेणखतात मिसळून स्वतःच्या शेतापुरते वाढवावे आणि विक्रीच्या भानगडीत पडू नये. जैविक खते-कीडनाशके विकण्यासाठी परवाना लागतो.

केळीचा खांब

घड उतरवला की खांब निरुपयोगी. तो तोडून बांधावर, रस्त्याकडेला किंवा ओढ्यात टाकण्याची सवय केळीच्या सगळ्याच पट्ट्यांत आहे. एका हेक्टरमधून ६० ते ८० टन खांब निघतात, असा केळी संशोधनातला ढोबळ हिशेब आहे. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. त्यामुळे खांब ट्रॅक्टरने यंत्रापर्यंत नेणे म्हणजे पाणी वाहणे. यंत्रच बागेत न्यावे.

काम असे चालते. खांब दोन उभ्या फाकांत चिरून बाहेरचे एक-दोन खराब थर काढून टाकतात. आतली सोपटे एकेक करून फिरत्या दांड्यांच्या ड्रमात अर्धी सरकवतात, मागे ओढतात, मग दुसरे टोक घालतात. गर खरवडून पडतो, हाती ओला धागा येतो. तो स्वच्छ पाण्यात धुऊन सावलीत दोरीवर वाळवतात. खांब तोडल्यापासून दोन-तीन दिवसांत हे झाले नाही तर धागा तांबूस पडतो आणि भाव उतरतो.

एका खांबातून साधारण १०० ते १५० ग्रॅम धागा मिळतो. पाच बाय सहा फुटांवर लावलेल्या एकरात सुमारे १,४५० झाडे असतात. म्हणजे एकरी दीडशे ते दोनशे किलो धागा. यंत्रावर दिवसाला १५ ते २५ किलो निघतात. तीन माणसे आणि प्रत्येकी ४०० रुपये मजुरी धरली तर २० किलोमागे १,२०० रुपये, म्हणजे किलोला ६० रुपये नुसती मजुरी झाली. डिझेल, यंत्राची झीज आणि वाहतूक त्यावर. हा आकडा हातात घेऊनच खरेदीदाराशी बोलावे. 'धागा घेऊ' एवढ्या तोंडी आश्वासनावर यंत्र आणणारे गट पहिल्याच हंगामात धाग्याचे गठ्ठे सांभाळत बसतात.

धाग्यापेक्षा उरलेल्या मालाचा उपयोग अधिक खात्रीचा असतो, हे गुजरातेत नवसारी कृषी विद्यापीठाच्या कामातून दिसले. तेथे खांबाच्या रसापासून पिकांसाठी द्रवखत, गरापासून गांडूळखत आणि आतल्या गाभ्यापासून कँडी अशी एकामागून एक उत्पादने काढली गेली. कुरुंद्यासाठी यातले पहिले दोन उपयोगाचे आहेत. गर सात-आठ दिवस निथळू द्यावा, शेणात मिसळावा आणि सावलीतल्या तीन फूट रुंद, दोन-अडीच फूट उंच वाफ्यात आयसेनिया फेटिडा जातीची गांडुळे सोडावीत. ओल टिकली तर ४५ ते ६० दिवसांत खत तयार होते. एप्रिल-मेच्या उन्हात वाफ्यावर जाड छप्पर आणि ओली पोती नसतील तर गांडुळे राहत नाहीत.

कुकुंबर मोझॅक विषाणू किंवा पर्णगुच्छ झालेली झाडे या साखळीत अजिबात घेऊ नयेत. ती कंदासह उपटून नष्ट करावीत. मावा त्यांच्यावरून निरोगी झाडांवर रोग नेतो.

केळीच्या कामाची चाल हळदीपेक्षा वेगळी आहे. हळदीचे काम दोन महिन्यांत उरकते. केळीची काढणी बागेनुसार वर्षभर पुढे-मागे चालू असते. त्यामुळे बचत गटाला नियमित रोजगार द्यायचा असेल तर धागा आणि गांडूळखत हा बरा मार्ग आहे.

ऊस आणि कारखान्याच्या दारातला माल

१०० टन ऊस गाळला की साधारण २८ ते ३० टन बगॅस, ४ टनांच्या आसपास मळी आणि ३ ते ४ टन प्रेसमड निघतो. बगॅसवर वीज, मळीवर इथेनॉल आणि प्रेसमडवर खत किंवा बायोगॅस हे कारखान्याच्या आवारातले उद्योग आहेत. सभासद शेतकऱ्याचा त्यांच्याशी संबंध उसाच्या दरापुरता येतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५-२६ वर आणले गेले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या टंचाईच्या भीतीने उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर अचानक मर्यादा आली. पुढे २०२४ मध्ये ती उठली. धोरणाच्या अशा हेलकाव्यात बँकेचे हप्ते कारखान्याला भरावे लागतात. गावाने स्वतःचे भांडवल त्यात गुंतवू नये.

गावाच्या हातात आहे ते पाचट. हेक्टरी ८ ते १० टन पाचट तोडणीनंतर फडात उरते आणि बहुतेक वेळा काडी लावली जाते. पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राची शिफारस सोपी आहे: पाचट सरीत दाबावे आणि टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून खोडव्याला पाणी द्यावे. ओल टिकते, तण दबते आणि पुढच्या वर्षी रान भुसभुशीत लागते. पाचटापासून कोळशाच्या वड्या करण्याचे तंत्र डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातील 'आरती' या संस्थेने विकसित केले आणि त्याला २००२ मध्ये लंडनचा अॅश्डेन पुरस्कार मिळाला. तंत्र उत्तम आहे. तरीही कुरुंद्यासारख्या कर्ब कमी असलेल्या जमिनीत पाचटाची पहिली जागा सरीतच आहे.

शेण आणि गॅस

एक घनमीटर बायोगॅसला रोज सुमारे २५ किलो ताजे शेण लागते. दोन घनमीटरचे संयंत्र चार-पाच जनावरांच्या घराला चालते आणि चार-सहा माणसांचा स्वयंपाक भागवते. एक घनमीटर बायोगॅस साधारण ०.४३ किलो सिलिंडरच्या गॅसएवढा. या हिशेबाने दोन घनमीटरच्या संयंत्रातून १४.२ किलोचा एक सिलिंडर सोळा-सतरा दिवसांत वाचतो.

संयंत्र बंद पडण्याची कारणे तांत्रिक कमी, घरगुती जास्त असतात. जनावरे विकली जातात. शेणात तितकेच पाणी घालून रबडी करण्याचा कंटाळा येतो. गोठ्यातले खडे, गवत आत जाऊन तोंड तुंबते. म्हणून दोनच म्हशी असलेल्या घराने दोन घनमीटरच्या मोहात पडू नये. लाल कंधारी बैलजोडी, गाई आणि कालवडी असा गोठा बारमाही भरलेला असेल तरच बांधकाम करावे. जागा उन्हाची, गोठा व स्वयंपाकघर दोन्हींच्या जवळची आणि विहिरीपासून किमान दहा मीटर दूर असावी. बाहेर पडणारी रबडी हाच या व्यवहारातला खरा नफा आहे: शेणातला नत्र गॅसबरोबर जात नाही, तो रबडीत राहतो. ती उघड्यावर वाळवली तर उडून जातो. पाचटाच्या किंवा हळदीच्या पाल्याच्या खड्ड्यात सोडली की कुजण्याचा वेगही वाढतो.

नेपियर गवतापासून मोठ्या प्रमाणात गॅस करण्याच्या योजना घेऊन प्रवर्तक गावोगाव फिरतात. करार करण्यापूर्वी गॅस कोण घेणार याचा लेखी पुरावा, प्रकल्पाच्या जागेचा सातबारा आणि बँकेचे मंजुरीपत्र पाहावे. सभासद फी आणि बेण्याची रक्कम आगाऊ मागितली जात असेल तर विषय तेथेच थांबवावा. शिवाय बारमाही पाण्यावर गवत घेऊन गॅस करायचा की त्याच पाण्यावर हळद, हा हिशेब प्रवर्तक मांडून देत नाही.

पऱ्हाटीला गावातच गिऱ्हाईक

कापसाची वेचणी संपली की जानेवारी-फेब्रुवारीत पऱ्हाटी उपटतात. ती लगेच उपटून रानाबाहेर काढणे गुलाबी बोंडअळीच्या दृष्टीनेही गरजेचे आहे. हेक्टरी दोन-अडीच टन पऱ्हाटी आणि त्यात तुऱ्हाट्यांची भर. जनावर ती खात नाही, जमिनीत ती लवकर कुजत नाही. विक्रीला काढण्याजोगा हाच निखळ माल.

नेमक्या त्याच महिन्यांत गावोगाव हळदीचे बॉयलर पेटलेले असतात आणि त्यांना लाकूड हवे असते. पऱ्हाटीचे तुकडे किंवा कांडीकोळसा हा माल आणि हळदीचा बॉयलर हे गिऱ्हाईक एकाच शिवारात, एकाच हंगामात, चार-पाच किलोमीटरच्या आत भेटतात. औष्णिक वीज केंद्रांना कोळशात ठरावीक टक्के जैवभार मिसळणे सक्तीचे झाले आहे. २०२३ मध्ये हे प्रमाण २०२४-२५ साठी ५ आणि २०२५-२६ साठी ७ टक्के ठरवले गेले होते. मराठवाड्यात परळीचे केंद्र आहे. पण तेथे माल द्यायचा तर आकार, ओलावा आणि उष्मांक यांच्या अटी पाळाव्या लागतात, बिलासाठी थांबावे लागते. सुरुवात बॉयलरपासून करावी.

यंत्राचा आवाका आधी मोजावा. तासाला एक टनाचे कांडीयंत्र आठ तास आणि वर्षात २०० दिवस चालवायचे तर १,६०० टन माल लागतो. एकरी एक टन धरला तर तो १,६०० एकरांवरून गोळा करावा लागेल. एका गावाच्या गटासाठी हे फार मोठे आहे. त्यापेक्षा ट्रॅक्टरवर चालणारे तुकडे करणारे यंत्र घ्यावे, तुकडे थेट बॉयलरमालकाला द्यावेत आणि दोन हंगाम मागणी टिकली तरच कांडीयंत्राचा विचार करावा. कापसाच्या काड्यांपासून पेलेट व ब्रिकेट करण्याचे प्रात्यक्षिक केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या नागपूर केंद्रात पाहता येते. पऱ्हाटीची गंजी घरापासून, विजेच्या तारेपासून दूर रचावी. उन्हाळ्यात एक ठिणगी पुरते.

गट, कर्ज आणि जागा

उत्पादक कंपनी नोंदवायला किमान दहा उत्पादक सभासद लागतात. नोंदणी सोपी, पण दरवर्षीचे लेखापरीक्षण, विवरणपत्रे आणि संचालकांच्या सभा यांचा खर्च उलाढाल नसली तरी होतो. त्यामुळे पहिले एक-दोन हंगाम साध्या शेतकरी गटाने किंवा राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, म्हणजे 'उमेद'च्या, बचत गटाने काम करावे. एकत्र विक्रीची सवय लागल्यावर कंपनी काढावी.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आणि बचत गटाच्या प्रत्येक सभासदामागे ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल अशी तरतूद आहे. हळद दळण, पॅकिंग आणि केळीचे पदार्थ त्यात बसतात. धागा आणि पऱ्हाटी बसत नाहीत. साठवण, वाळवण व प्रतवारीसाठी कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत मिळते. मुदत आणि अटी बदलतात, म्हणून अर्जापूर्वी तालुका कृषी कार्यालयात चौकशी करावी. अनुदान नंतर येते आणि यंत्राचे पैसे आधी द्यावे लागतात. या मधल्या काळाचे खेळते भांडवल नसलेले प्रकल्प पहिल्याच वर्षी अडकतात. अनुदान वजा करून नव्हे, अनुदान नाही असे धरून प्रकल्प फायद्यात दिसतो का, हे पाहावे. दिसत नसेल तर तो अनुदानानेही तगत नाही.

जागेचा मुद्दा कुरुंद्यात विशेष महत्त्वाचा आहे. जुलै २०२२ मध्ये पुराचे पाणी गावातील घरांत शिरले होते. कंपोस्ट, गांडूळखताचे वाफे, बायोगॅसचे खड्डे आणि हळदीचे गोदाम त्या पातळीच्या वर असावेत. शेणाची रबडी पुराच्या पाण्यात मिसळली तर विहिरी दूषित होतात. ओढ्यात टाकलेले केळीचे खांब पुलाच्या नळ्यांत अडकून पाणी तुंबवतात, हाही खांब बागेतच जिरवण्यामागचा हेतू आहे.

कामाची सुरुवात दिवाळीनंतर करावी. नोव्हेंबरात गटाने हळदीचे एकर, केळीची काढणीला येणारी झाडे, कापसाचे क्षेत्र आणि गोठ्यातली जनावरे यांची नोंद एका वहीत करावी. डिसेंबरात बॉयलरमालक, अर्क काढणारे कारखाने आणि धाग्याचे खरेदीदार यांच्याशी भाव ठरवून घ्यावेत. जानेवारीत पऱ्हाटीचे तुकडे करणारे यंत्र भाड्याने आणून एक हंगाम चालवून पाहावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद वाफेवर शिजवून, वेगळी वाळवून, निदान दहा पोत्यांचे नमुने प्रयोगशाळेत तपासावेत. एप्रिलमध्ये हिशेब करून, जूनच्या पावसाआधी गांडूळखताचे छप्पर उभे करावे.